भिजत घातलेले वाडगे

आमच्या घरात दोन कलावंत आहेत. एक भांडी घडवते आणि दुसरा भांडी घासतो. पहिलीच्या कामाचं प्रदर्शन वर्षातून एकदा भरतं आणि त्याला गर्दी होते. दुसऱ्याचं रोज दोन वेळा सिंकमध्ये भरतं, तिकडे कोणी फिरकत नाही. तरीसुद्धा निव्वळ कौशल्याचा विचार केला तर दुसरा काकणभर सरस आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. दुसरा म्हणजे मी.

हसू नका. साध्या बशीवरून हात कोणीही फिरवील. माझी बायको कोरीव स्टोनवेअर करते. म्हणजे चाकावर भांडं चढवायचं, ते साबणाच्या वडीइतकं घट्ट झालं की बारीक पात्यानं त्यावर मासे, पानं, लाटा, खवले कोरायचे, मग सावलीत पूर्ण सुकू द्यायचं, आणि मग भट्टीत इतकं भाजायचं की मातीचा दगड होतो. दगड झाला की त्यात उकळतं काहीही ओता, शंभर वेळा घासा, त्याला काही होत नाही. दगड होईपर्यंत मात्र ती मातीच असते. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

आता कोरलं म्हटलं की खाचा आल्या आणि खाचा आल्या की त्यात अन्न आलं. माशाच्या खवल्यात अंड्याचा बलक जाऊन बसतो. लाटेच्या वळणात कोको वाळतो. तो काढायला मऊ टूथब्रश लागतो, मनगट लागतं आणि एक विशिष्ट तंत्र लागतं. माझं तंत्र तीन शब्दांचं आहे: आधी भिजत घालणे. बाकी सगळं पाणी करतं. लोक घाई करतात, घासत सुटतात आणि मग भांड्याला दोष देतात. मी भिजत घालतो आणि चहा प्यायला निघून जातो.

शिवाय मी नुसता घासत नाही, अहवाल देतो. "या पानाच्या देठाशी अडकतं," एवढंच म्हणायचं. ही कोरतच राहते. पण पुढच्या खेपेला देठ उथळ झालेला असतो आणि त्याच्या कडा गोलसर. गेल्या कित्येक वर्षांत हिचे मासे जे इतके गुळगुळीत आणि समाधानी दिसायला लागलेत, त्यामागे माझा ब्रश आहे. प्रदर्शनात तसं कुठे लिहिलेलं नसतं.

बदल्यात ही माझं लेखन वाचते. मी उपकरणांसोबत येणारी सूचनापत्रकं लिहितो, बहुतेक घरीच बसून. 'पहिल्यांदा वापरण्यापूर्वी खालील मजकूर काळजीपूर्वक वाचावा' हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा लिहिलंय की माझ्या छातीवर गोंदवून घ्यायला हरकत नाही. हा मजकूर जगात एकच माणूस वाचतो. ती जेवताना वाचते आणि म्हणते, "तिसऱ्या सूचनेत तुझा सूर जरा चढलाय." अशा बायकोबद्दल माणसाला कृतज्ञता वाटणार नाही तर काय वाटणार? मी तिची भांडी वापरतो, ती माझी पत्रकं वाचते. आमच्या दोघांचाही धंदा असा एकेका ग्राहकावर चाललेला.

म्हणजे भांडी लोक घेतात हो, भरपूर घेतात. वापरत नाहीत. हे हिचं खरं दुखणं. ही वाडगा करते, त्याच्या काठाखाली अंगठा बसेल एवढी खाच कोरते, म्हणजे आत गरम काही असलं तरी धरता यावा. आणि लोक तो वाडगा शोकेसमध्ये ठेवतात. आमच्या इमारतीतही तेच. कोणाचा वाढदिवस असो, बढती असो, निवृत्ती असो, ही वाडगा देते. आणि कोणाच्याही घरी गेलं की तो काचेआड बसलेला दिसतो, शेजारी पितळी हत्ती. दुसऱ्या मजल्यावरच्या कॅशियरनं तर त्याच्यावर छोटा दिवा सोडलाय.

"किती जपतात बघ," मी एकदा समजूत काढायला गेलो.

"माझी भांडी उपाशी आहेत रे," ती म्हणाली आणि चाकाकडे तोंड करून बसली.

अशात एक दिवस सूपवाल्या बाई आल्या. त्यांचं नाव नंतर कळलं, पण तोवर त्या आमच्यासाठी सूपवाल्या बाई होऊन बसल्या होत्या. चौकाच्या पलीकडे त्या छोटीशी खानावळ काढत होत्या; मोजकी टेबलं, सूप आणि ताजा पाव, दुसरं काही नाही. त्यांनी वाडगा हातात घेतला, अंगठा बरोबर खाचेत गेला, आणि त्या म्हणाल्या, "मला असे हवेत. दिवसभर वापरणार, आपटणार, घासणार. चालेल ना?"

मी ब्रश हातात घेऊन दारात उभा होतो. हिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"चालेल," ही म्हणाली.

"पण एक सांगून ठेवते," बाई म्हणाल्या, "उघडायच्या दिवशी हातात वाडगे नसतील तर मी बाजारातल्या पांढऱ्या बाउलवर सुरुवात करीन. आणि माझा स्वभाव मला माहीत आहे. एकदा सुरू केलं की मग तेच चालू राहील."

मग ही कामाला लागली. उठल्यापासून कोरत बसायची. बोटांना पट्ट्या, केसांत माती, आणि गुणगुणणं. गुणगुणणं नवीन होतं. सगळे वाडगे कोरून झाले, सुकून झाले, भट्टीत जायच्या तयारीत मागच्या खोलीतल्या फळीवर ओळीनं बसले. उघडायचा दिवस पुढच्या आठवड्यात. आणि नेमकी विजेच्या भट्टीतली तापणारी तार जळली. ही नवी तार आणायला गेली. येताना सूपवाल्या बाईंना सोबत आणून वाडगे दाखवणार होती.

आता घरात एक नियम आहे. मागच्या खोलीचा उंबरठा ही आमची आंतरराष्ट्रीय सीमा. पलीकडे कच्चं, अलीकडे भाजलेलं. कच्चं भांडं सीमा ओलांडत नाही, आणि मी ओलांडत नाही. हा तह इतकी वर्षं दोन्ही बाजूंनी पाळला गेला. पण सासूबाई राहायला आल्या होत्या, आणि त्यांनी तहावर सही केलेली नव्हती.

सासूबाईंचा स्वभाव असा की कुठलीही वस्तू जागेवर नसली तर त्या जागेवर ठेवतात आणि जागेवर असली तर दुसरी जागा शोधतात. आदल्या दिवशी त्यांनी माझा चष्मा 'नीट' ठेवला होता. कुठे ते त्यांनाही आठवत नव्हतं. मी मोठ्या अक्षरांत काम करत बसलो होतो, एवढ्यात त्या आल्या.

"मागच्या खोलीत फळीवर वाडगे पडलेत, बघितलेत का कधी?"

"कसले वाडगे?"

"कसले म्हणजे? धुळीनं पांढरेफटक झालेत. माझी मुलगी दिवसभर राबते, तिला नाही वेळ. पण तुम्ही तर घरीच असता."

मला राग येत नाही. पण आमच्या घरात न घासलेलं भांडं आहे, हा आरोप मी कोणाकडूनही ऐकून घेतलेला नाही.

"कुठे आहेत?"

"मी आणून ठेवलेत न्हाणीघरात. पाटीतून आणले, दोन खेपा झाल्या. आता तेवढे टाका घासून, ती यायच्या आत. खूश होईल."

न्हाणीघरात वाडग्यांची रास होती. चष्म्याविना मला ती फिकट, कोरडी, खरखरीत दिसली. त्यातही मला काही वावगं वाटलं नाही, कारण अलीकडे हिनं बाहेरून झिलई न देता नुसती मळकट पांढरी भांडी करायचा नाद लावून घेतला होता. मला ती अजिबात आवडत नाहीत. मी मनात म्हटलं, बघा, वापरली नाहीत आणि धूळ धरली. मोठा टब काढला, त्यात कडकडीत पाणी सोडलं, साबण टाकला आणि सगळे वाडगे एकेक करून, अलगद, अगदी बाळाला अंघोळ घालावी तसे आत सोडले.

पाण्यातून बारीक सूं सूं आवाज आला. बुडबुडे वर यायला लागले.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"मळ सुटतोय," मी म्हणालो. "पाणी खाचांत शिरतं आणि हवा बाहेर ढकलतं. आता पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही."

"तुम्हाला यातलं बरंच कळतं हो," त्या म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंनी माझ्या बाबतीत 'कळतं' हे क्रियापद पहिल्यांदाच वापरलं होतं. मी त्यांच्यासाठी स्वतः चहा केला. आम्ही बसून प्यायलो. त्यांनी मला हिच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. ही कशी अंगणात चिखल करायची आणि त्या कशा तो धुऊन टाकायच्या. मला त्यातून काही शिकता आलं असतं.

चहा संपवून, बाह्या सरसावून, टूथब्रश घेऊन मी न्हाणीघरात गेलो. टबात वाडगे नव्हते.

पाणी होतं. राखाडी, दाट, वर साबणाचा फेस. मी हात घातला. तळाशी कोमट लापशीसारखं काहीतरी लागलं. वाडगा एकही नाही.

"आई," मी हाक मारली, "तुम्ही वाडगे कुठे ठेवलेत?"

त्या आल्या. टबात बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. खिडकी उघडी होती.

"चोर," त्या म्हणाल्या.

"आपण पहिल्या मजल्यावर राहतो."

"आजकालचे शिकलेले असतात."

"चोर टबातून भांडी नेईल आणि एवढा मळ मागे ठेवून जाईल?"

"मळ कशाला नेईल तो?" त्या म्हणाल्या. "बाकी मळ किती होता बघा. मी म्हटलं नव्हतं?"

गोंधळलेला माणूस हातातलं काम पुढे चालू ठेवतो. मी टब कलता केला, सगळा राडा जाळीतून खाली सोडला आणि जात नव्हता तो गरम पाण्याची बादली ओतून पाठवला. टबाच्या कडेला एक तुकडा अडकून राहिला होता. तो मी उचलला. काठाचा तुकडा होता, काठाखाली अंगठ्याची खाच, आणि खाली अर्धा मासा, डोक्याकडचा. त्या माशानं माझ्याकडे एका डोळ्यानं पाहिलं. मग तो डोळा हळूहळू माझ्या बोटावर पसरला.

आयुष्यात काही क्षण असे येतात की माणसाला सगळं एकदम कळतं आणि कळून काही उपयोग नसतो. मी टबाच्या काठावर बसलो. जी भांडी कोणी वापरत नाही म्हणून ती कुढत होती, त्यातली ही पहिली वापरली जाणारी होती. आणि त्यांना वापरण्याआधीच मी घासून टाकलं होतं.

सासूबाई खिडकीतून बाहेर वाकून चोर शोधत होत्या. त्यांना सांगावं तर त्यांना कळणार की वाडगे सीमेपलीकडून त्यांनी आणले. ज्यांनी मला अशी बायको दिली त्यांना मी आरोपी कसं करणार? मी गप्प बसलो. कृतज्ञतेपोटी. थोडं भीतीपोटीही, प्रमाण आता आठवत नाही.

तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात ओळंबा उभा होता.

ओळंबा म्हणजे आमच्या खाली तळमजल्यावर राहणारे गृहस्थ. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. स्वतः गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखे अगदी सरळ उभे राहतात आणि जगातलं बाकी सगळं किती अंशांत कललंय ते सांगतात, म्हणून हे नाव. त्यांच्या हातात प्लास्टिकचा मग होता आणि मगात आमचे वाडगे होते.

"हे माझ्या न्हाणीघरात जाळीतून वर आलं," ते म्हणाले. "काय आहे हे?"

"चिखल असेल," मी म्हणालो.

त्यांनी दोन बोटांत घेऊन चोळलं. "चिखल नव्हे. एकसारखी आहे, मऊ आहे. यात खडा नाही, काडी नाही, कचरा नाही. ही वरची माती नाही. ही खोलची माती आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "इमारतीचा पाया वाहून चाललाय."

"अहो, तसं नाही, मी सांगतो—"

"हळू बोला. जिन्यात कंपनं जातात."

आणि ते दबक्या पावलांनी, भिंतीला हात न लावता, वर निघून गेले. थोड्याच वेळात वरच्या मजल्यांवर कुजबुज आणि पावलं सुरू झाली. मी त्यांच्या मागे दोनदा गेलो आणि दोनदा त्यांनी ओठावर बोट ठेवून मला परत पाठवलं. खरं बोलायची माझी तयारी होती, पण आवाज न करता ते कसं बोलायचं हे मला माहीत नव्हतं.

प्लंबर आला. त्यानं जाळीत वायर घातली, वास घेतला आणि सांगितलं की पाइप जमिनीत फुटलाय, खणावं लागेल. या प्लंबरला मी पूर्वी नळ गळतो म्हणून बोलावलं होतं तेव्हाही त्यानं खणावं लागेल असंच सांगितलं होतं. ओळंबासाहेबांनी मान डोलावली. पटांगणात खड्डा सुरू झाला.

तोवर सगळी इमारत खाली उतरली होती. ओळंबासाहेबांनी सांगितलं होतं की फक्त मौल्यवान वस्तू घ्या आणि चला. प्रत्येकानं छातीशी काहीतरी टॉवेलात गुंडाळून धरलं होतं. कॅशियर सगळ्यात शेवटी, एकेक पायरी मोजल्यासारखा उतरला, आणि बाकावर बसून त्यानं टॉवेल उलगडला. आत वाडगा होता. आमचा. हिनं त्याच्या बढतीला दिलेला.

मी बाजूला बघितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेच्या टॉवेलात दोन वाडगे होते. शिंप्याच्या घरचे चार, एकात एक, मध्ये रुमाल. वरच्या म्हाताऱ्या आजोबांनी एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातात वाडगा आणला होता. एकानं तर पितळी हत्ती घरातच सोडून वाडगा आणला होता. इमारत कोसळणार म्हणून ही माणसं घराबाहेर पडली आणि तिची भांडी घेऊन उतरली. आणि मी, जो तिचा एकमेव ग्राहक म्हणून मिरवत होतो, मी काय केलं होतं?

खाली न उतरलेलं एकच माणूस होतं, ओळंबासाहेबांची बायको. आम्ही सगळे तिला काकू म्हणतो.

"बाहेर ये," साहेब खिडकीतून कुजबुजले.

"मी तळमजल्यावर आहे," काकू मोठ्यानं म्हणाल्या. "पाया गेला तर मी आणखी कुठे पडणार? चहा टाकलाय. किती माणसं आहात?"

चहाचं भलंमोठं पातेलं खिडकीत आलं. कप मात्र घरात सहाच. बाकीच्यांचे वरती, आणि वर जायला बंदी.

"मग हातात काय धरलंय?" काकूंनी कॅशियरला विचारलं.

"हे? हे शोभेचं आहे."

"भोक आहे का त्याला?"

"नाही."

"मग आणा इकडे."

कॅशियरनं वाडगा असा पुढे केला जसा काही तो मूल दत्तक देत होता. काकूंनी त्यात चहा ओतला. त्यानं दोन्ही हातांनी धरला, आणि मी बघत होतो, त्याचा अंगठा काठाखाली सरकला आणि खाचेत बसला. त्यानं खाली बघितलं. अंगठा काढला, पुन्हा ठेवला.

"अरे, ही यासाठी आहे होय," तो म्हणाला. "मला वाटलं, घडवताना टवका उडाला असेल. म्हणून मी ती बाजू भिंतीकडे करून ठेवायचो."

मग सगळ्यांनीच वाडगे पुढे केले. शिंप्यानं चारही. प्लंबरला एक दिला. त्यानं तो खड्ड्याच्या काठावर, मातीत ठेवला. शिक्षिका किंचाळायच्या बेतात होती, पण ओळंबासाहेबांनी कंपनांची आठवण करून दिली.

अशा वेळी माझी बायको फाटकातून आत आली. खांद्यावर भट्टीच्या तारेचं वेटोळं, शेजारी सूपवाल्या बाई. आणि समोर अख्खी इमारत पटांगणात बसून तिच्या वाडग्यांतून चहा पितेय. ती जागीच थांबली. तिला वाटलं असावं की आपण मेलो बिलो की काय, आणि हा स्वर्ग आहे. मध्ये खड्डा होता, त्यामुळे तिला तसं वाटायला जागा होती.

"काय झालंय?" तिनं विचारलं.

"पाया," ओळंबासाहेबांनी हातातला मग पुढे केला. "हा पुरावा."

तिनं चिमूट घेतली. चोळली. मग जिभेच्या टोकाला लावली. कुंभार लोक असं करतात, पण पटांगणातल्या लोकांना ते माहीत नव्हतं. आजोबांनी तोंड फिरवलं.

"ही माझी माती आहे," ती म्हणाली. आणि तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या माणसांतून सरळ माझ्याकडेच. लग्नाचं हेच वाईट असतं.

"किती?" तिनं विचारलं.

"सगळे," मी म्हणालो. "घाण झाले होते असं वाटलं. भिजत घातले."

प्लंबरनंही खणणं थांबवलं.

"चोरानं नेले ना?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आई. विरघळले. चूक माझी. चष्मा नव्हता माझ्याकडे."

सासूबाईंनी मगाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "त्यांना मी आणून दिले गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, धूळ बसलीय. आणि चष्मापण मीच ठेवलाय कुठेतरी."

"ती धूळ नव्हती, आई. माती सुकली होती."

ही पायरीवर बसली. तारेचं वेटोळं मांडीवर घेतलं. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, फार जवळ नाही.

"किती वेळात विरघळले?" तिनं खाली बघतच विचारलं.

"एक चहा होईपर्यंत."

"म्हणजे सुकले चांगले होते," ती म्हणाली. "ओलसर असते तर एवढ्यात गेले नसते." आणि मग: "हसायचं की रडायचं ते अजून ठरवलेलं नाही मी. तोवर तू माझ्याशी बोलू नकोस."

"आता मग पांढरे बाउलच आणावे लागणार," कोणीतरी म्हणालं. ते सूपवाल्या बाईंनीच म्हणायला हवं होतं, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. काकूंनी त्यांनाही इमारतीतलं कोणीतरी समजून चहाचा वाडगा हातात दिला होता आणि त्या तो उलटासुलटा करून बघत होत्या. चहा संपलेला होता.

"हे वाडगे कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"माझा," कॅशियर म्हणाला.

"माझ्या निवृत्तीचा," आजोबा म्हणाले.

"एवढे सगळे तुमच्याकडे होते?" बाई म्हणाल्या. "मग अडलंय कुठे? मला उसने द्या. नवे भाजून होईपर्यंत."

कोणी हललं नाही. आता चहा पिणं वेगळं आणि वाडगा परक्या माणसाच्या हाती देणं वेगळं.

"शोकेस रिकामं दिसेल हो," कॅशियर म्हणाला. "दिवा सोडलाय मी त्याच्यावर."

"दिव्याखाली तुम्ही बसा," खिडकीतून काकू म्हणाल्या. "तेवढाच उजेड पडेल तुमच्यावर. त्या पोरीनं वर्षानुवर्षं तुम्हाला भांडी वाटली आणि तुम्ही तिला पितळी हत्तीशेजारी बसवलंत. द्या म्हणते ना ती बाई."

सगळ्यांत आधी ओळंबासाहेब उठले. आपला वाडगा त्यांनी जमिनीला समांतर धरून सूपवाल्या बाईंना दिला. मग शिंप्यानं चारही दिले. मग शिक्षिकेनं. कॅशियरनं दिला, परत घेतला, रुमालानं पुसला आणि दिला.

"पण घासणार कोण?" त्यानं विचारलं. "हे कोरीव आहे. कोणी तारेची घासणी मारली तर?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"यांनी?" शिक्षिका म्हणाली. "यांनी तर आत्ताच—"

"भाजलेल्याला धोका नाही," ओळंबासाहेब म्हणाले. "भाजलेला हे विरघळवू शकत नाहीत. त्यांची क्षमता तेवढी नाही."

हे ऐकून ही हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. सासूबाईही हसायला लागल्या, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी कोणाचे आभार मानावेत हे मला कळेना, म्हणून मी प्लंबरचे मानले. त्याला खड्ड्यात पाइप सापडला होता. धडधाकट होता. पाइप उघडला तेव्हा आतून बादलीभर माती निघाली, आणि हिनं ती बादली माझ्या हातात दिली.

"वर ने. गाळून घेऊ. ही मातीच आहे, पुन्हा वाडगे होतील," ती म्हणाली. आणि दोन पायऱ्या चढल्यावर मागे वळून: "साबण किती घातला होतास रे?"

ठरल्या दिवशी खानावळ उघडली. सगळी इमारत गेली होती. प्रत्येकजण आपला वाडगा शोधून त्यातच सूप मागत होता. पुढे नवे वाडगे भाजून तयार झाले, उसने परत करायची वेळ आली, तेव्हा कोणी न्यायला येईना. कॅशियर म्हणाला, राहू द्या, घरी सूप कोण करतं. त्याच्या शोकेसमध्ये दिव्याखाली आता नुसता हत्ती आहे आणि तो पूर्वीपेक्षा बराच गंभीर दिसतो. सूपवाल्या बाईंच्या मागच्या भिंतीवर एक फळी आहे, तिच्यावर इमारतीतल्या माणसांचे वाडगे बसतात. रोज उतरतात, भरतात, रिकामे होतात आणि माझ्याकडे येतात.

होय, माझ्याकडे. दुपारची सूचनापत्रकं आटोपली की मी खानावळीच्या मागच्या बाजूला मऊ ब्रश घेऊन उभा असतो. संध्याकाळी ही कोरता कोरता विचारते, "आज काय?" मी सांगतो, "शेपटीजवळ क्रीम अडकतं." ती मान हलवते. गुणगुणणं चालू आहे. इतक्या जणांच्या हातातून भांडी फिरून आल्यावर अहवालाला जे वजन येतं ते एका माणसाच्या अहवालाला कधीच येत नव्हतं, हे मी मान्य करतो.

आता मी प्रत्येक भांडं पाण्यात सोडण्याआधी बोटाच्या पेरानं वाजवून बघतो. भाजलेलं असेल तर टण्ण आवाज येतो, कच्चं असेल तर थप्प. सूपवाल्या बाईंची आचारीण विचारते, "आत कोण आहे का बघता?" मी पुढचं भांडं वाजवतो.

सासूबाईंना मात्र वाजवण्यावर भरवसा नाही. त्यांनी मुलीला पटांगणात जिभेनं माती ओळखताना बघितलं होतं, आणि हिनंही त्यांना बोलता बोलता सांगितलं की कच्चं भांडं जिभेला चिकटतं. त्या दिवसापासून त्या कुठलंही भांडं हातात घेतलं की आधी चाटून बघतात. घरात ठीक आहे. पण परवा माझे साहेब पहिल्यांदाच घरी आले होते. सासूबाईंनी ट्रेमधला कप उचलला, त्यांच्यादेखत चाटला, समाधानानं मान हलवली, त्यात चहा ओतला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "भाजलेला आहे."